विट्याची दोरी

मुरबाड, १२ जुलै १९३८

चि. बाईजा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम आहे. शाळेतून पेन्शन घेतल्यापासून वेळ जाता जात नव्हता, आता एक काम लागले आहे. ठाण्याचे एक गृहस्थ जुन्या हत्यारांच्या शब्दांचा कोश करीत आहेत आणि कागद मला तपासायला पाठवतात. त्यात 'विटा' या शब्दापुढे 'आखूड भाला, खुंटीला अडकवण्यास दोरी' एवढेच लिहिले आहे. मला काही ते पटेना. जुन्या यादीत 'विटेकरी दहा' असे येते. खुंटीच्या दोरीसाठी कोणी दहा माणसे वेगळी मोजील का? तुझ्या सासरी देव्हाऱ्यामागे असाच एक विटा आहे. दोरी कशासाठी, कशाची, किती लांब, सगळे नीट विचारून कळव.

तुझा दादा,
लखमा

सापगाव, २४ जुलै १९३८

तीर्थस्वरूप दादांस, बाईजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात सगळे प्रश्न दोरीचे, बहिणीचा एकही नाही. असो. शेजारचे देवजीबाबा भाताची लावणी टाकून आले. त्यांच्या आज्यानं विटा चालवलेला. दोरीचं एक टोक दांड्याला, दुसरं मनगटाला. फेकून मारायचा आणि हिसका देऊन परत ओढायचा, म्हणजे हात रिकामा राहत नाही. तुमची खुंटी ऐकून बाबा हसले. म्हणाले, "दोर नाय तं त्यो नुसता भाला, बाय. दोर हाय म्हून इटा." लांबी मोजायची राहिली, मागाहून कळवीन.

तुमचा भाचा कमळू होळीला गिरणीतून आला होता, त्यानंतर फिरकला नाही. मागल्या बुधवारी म्हैस गेली. मालक गेल्यापासून घरात हाक मारायला तेवढीच होती. संध्याकाळी गोठ्याकडे जाववत नाही. लोभ आहेच, तो कधी पत्रातही दिसू द्या.

तुमची धाकटी,
बाईजा

मुरबाड, ३० ऑगस्ट १९३८

चि. बाईजा हिस अनेक आशीर्वाद.

देवजीबाबांच्या वाक्याने गृहस्थांची नोंदच फिरली. ते फार खूश आहेत. पण लांबीचे काय? मध्ये दोन कार्डे टाकली, दोन्ही वेळा 'अजून मोजली नाही' एवढेच उत्तर आले. एक दोरी मोजायला इतके दिवस लागतात का? ती अंबाडीची की चामड्याची, तेही राहिले. आठवड्यात न कळल्यास नोंद गळेल. छापखाना थांबणार नाही.

तुझा दादा,
लखमा

सापगाव, ३ सप्टेंबर १९३८

तीर्थस्वरूप दादांस, बाईजाचा शि. सा. न.

दोरी अंबाडीची, नऊ हात. देवजीबाबांनी त्याच दिवशी मोजून दिली होती. मीच मुद्दाम लिहिलं नाही. उत्तर पोचलं की तुमची पत्रं थांबतील, असं वाटलं. वहिनी गेल्यावर दोन वर्षांत तुमचं एक अक्षर नव्हतं आणि या दोन महिन्यांत चार पत्रं आली. पोस्टमन दारात थांबला की बरं वाटायचं.

चार बुकं तुम्हीच शिकवलीत, ती अशी खोटं लिहायला वापरली. रागवायचं तर रागवा. पण तुमची नोंद माझ्यापायी गळायला नको. आता काम झालं, लिहिलंच पाहिजे असं मनावर घेऊ नका.

तुमची,
बाईजा

मुरबाड, ९ सप्टेंबर १९३८

चि. बाईजा हिस आशीर्वाद.

नऊ हात कळवले. नोंद छापली जाईल.

आज दुपारी तुला पत्र लिहायला बसलो तर विचारायचे काही उरले नव्हते. तुझी पत्रे काढून पुन्हा वाचली. म्हैस गेल्याचे मी वाचले होते, बाईजा. त्याच पानावर 'दोरी' या शब्दाखाली मी तांबडी रेघ मारली आहे. ती पाहून फार लाज वाटली. इथेही बोलायला कोणी नाही, पण तसे लिहावे कसे ते मला कधी जमले नाही. आणि जन्म गेला पोरांना निबंध शिकवण्यात.

दिवेलागण झाली तरी पुढचे वाक्य सुचत नाही. परवा सकाळच्या मोटारीने निघून कल्याणवरून येतो. मी आलो की तूच बोल.

तुझा दादा