चार तासांत येणारा माणूस

आधी हे सांग उज्ज्वला, तुझ्या कंपनीच्या फोनात जी बाई बसवली आहे तिले जेवायची सुट्टी देतात का नाई? दोन आठवड्यांमांगे बाजाराच्या दिवशी तिनं मले एकवीस वेळा सांगतलं का तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एकवीस! (आमच्या हापिसातल्या साधनानं कागदावर रेघा मारल्या, पुरावा ठेवला आहे.) तुझ्या आज्यानं पन्नास वर्षांत मले एक वेळ महत्त्वाची म्हटलं नाई, पण हाक मारली का उठून यायचा. हे बाई महत्त्वाची म्हणते, मंधी पेटी वाजवते, अन् येत मात्र कोणीच नाई.

आता राह्यलेला राम राम घे. चि. उज्ज्वलाले जमनी आजीचा जय सेवालाल अन् आशीर्वाद. इथे सगळे खुशाल आहेत. माझा गुडघा जिथे होता तिथेच आहे अन् दुखणंही तिथेच आहे. तुझी तब्येत विचारत नाई, कारण फोटोत दिसली, गालफडं बसली. पुण्यात पीठ मिळत नसल तर सांग, ज्वारी पाठवतो. हे पत्र तू तुझ्या साहेबाले वाचून दाखवशीलच, म्हणून तुले ठाऊक असलेलंही लिहून राह्यली. (ताजा कलम मात्र फाडून ठेव, मंग दाखव.)

तर साहेबाले सांग का मी तिसरीत दोन वेळा बसली, म्हणजे पाचवी धर, अन् आज अकरा गावच्या आठशे चाळीस बायांच्या कापूस कंपनीची अध्यक्ष आहे. आमचा कापूस बिनऔषधाचा. परदेशातला घेणारा कापूस हातात घेऊन पाहत नाई, त्याले नोंद पाह्यजे: कोणत्या वावरात कोणतं बी, निंबोळीचा अर्क कधी मारला, शेजाऱ्याचा फवारा वाऱ्यानं उडून आला का. एकेका वावराची तीन वर्षांची अशी सारी हकिकत, फोटोसकट, आमच्या हापिसातल्या साधनाच्या मशीनमंधी आहे. थे गेली तर तपासनीस म्हणणार, बाई, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू करा. तीन वर्षं ज्या बायांनी हातानं अळ्या वेचल्या त्यांले हे सांगायले मी जाणार नाई. माझ्या हाडाचं पीठ करतील, अन् मी त्यांच्या जागी असती तर मीही केलं असतं.

थे जुनं मशीन होळीपासून खोकत होतं. म्हणून मंडळानं ठरवलं का मोठ्या कंपन्यांत असते तसं साठवणीचं मशीन घ्यायचं अन् विकणाऱ्यांले इथे बोलावून पारखायचं. तिघे आले. एक नागपूरचा टायवाला, दुसरा तुझा नयन साहेब, अन् तिसरा दारव्ह्यात दुकान टाकलेला रवी. आता रवी आमच्या उपाध्यक्ष नलूबाईचा भाचा, अन् नयन साहेब माझ्या नातीचा साहेब. म्हणजे मी अन् नलू, दोघींचेही हात तुपात. नलूनं पहिल्याच बैठकीत सगळ्यांदेखत टोला हाणला, अध्यक्षीणबाई, नातीचं लगन ठरवतानाही तुम्ही एवढी चौकशी करणार नाई. मी म्हटलं, नलू, तुझ्या भाच्याले पोरगी कोणी दिली नाई म्हणून तू मशीन आमच्या गळ्यात बांधून राह्यली का? मंग चहा आला. (नलू अन् मी अशाच बोलतो. ज्या दिवशी गोड बोलू त्या दिवशी कंपनी बुडली समज.)

तिघांनीही भिंतीवर चित्रं दाखवली. टायवाला म्हणे आमचं मशीन नव्व्याण्णव पूर्णांक नऊ नऊ नऊ टक्के चालू राहते. मी विचारलं, उरलेलं कोणत्या दिवशी बंद राहते? कारण माझ्या अनुभवानं थे उरलेलं बरोबर तपासनीस येते त्याच दिवशी पडते. त्यानं पाणी मागतलं. मंग म्हणे आजीवन हमी आहे. कोणाचं जीवन, तुमचं का माझं? चौकशी करता कळलं का मशीनचं. म्हणजे मशीन मेलं का हमीही सती जाणार! नंतर किती मावते हे सांगत बसला: एवढे फोटो, तेवढे फोटो, सारा यवतमाळ जिल्हा मावल म्हणे. मी म्हटलं, बापू, मावण्याचं कौतुक कोणाले? आपले बंजारा पूर्वज लदेणी करायचे, बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. तुमच्याजवळ बैल किती, हे माल देणारा कधी विचारत नसे. गोण्या किती पोचल्या, हे विचारायचा. तूही तेवढंच सांग.

अन् सांगूनही भागत नाई, दाखवा लागते. बी ठेवणारी बाई कणगीच्या आकारावर भरोसा ठेवत नाई. पेरणीच्या आधी थे मडक्यातून शंभर दाणे मोजून घेते, ओल्या पोत्यात गुंडाळते, अन् पाचव्या दिवशी उलगडून पाहते का उगवले किती. मी मशीनले तीच परीक्षा लावली. आठशे चाळीस वावरांच्या चिठ्ठ्या सुपात टाकल्या, नलूनं डोळे झाकून शंभर काढल्या. साधनानं त्या शंभर वावरांची हकिकत तिघांच्याही मशीनमंधी भरली. मंग मी उठली, अन् भरणं चालू असतानाच एकेकाचं बटण दाबायच्या फंदात न पडता सरळ वायर उपटली. (नयन साहेबाच्या तोंडून जो शब्द निघाला तो त्याले विचार. मी लिहीत नाई, तुझं लगन व्हायचं आहे.) मी म्हटलं, घाबरू नका साहेब, यवतमाळ जिल्ह्यात लाइट विचारून जात नाई. आता जोडा परत, अन् शंभर वावरं काढून दाखवा.

टायवाल्यानं वायर दोन्ही हातांनी धरून ठेवली अन् म्हणे हे आमच्या कार्यक्रमात बसत नाई. त्याचे शून्य. रवीचे सत्त्याण्णव निघाले. बियाण्यात सत्त्याण्णव म्हणजे गावभर पेढे वाटायचे; पण इथे तीन वावरं गेली म्हणजे तीन बाया कंपनीच्या बाहेर, अन् त्या तिघींत एक मी निघाली. नलूनं पदर तोंडाले लावला तो संध्याकाळलोक काढला नाई. अन् तुझ्या मशीनमधून, पोरी, शंभरच्या शंभर निघाले. चहा थंड व्हायच्या आत. फोटोत शेजारच्या उकंडाचा बैल मांगच्या साली जसा शेपूट वर करून उभा होता तसाच उभा. मी खुर्चीवर जरा मांगे सरकून बसली. जिल्ह्याचे साहेब बसतात तशी. नलूले समजलं. तिनं नाक मुरडलं, म्हणजे पावती मिळाली.

पण शहाणी बाई बैलाचे नुसते दात पाहत नाई, खूरही पाहते. मशीन बिघडलं तर येणार कोण? याच्यावर तुझ्या साहेबानं रंगीत कागद काढला: चांदीची सेवा, सोन्याची सेवा, अन् त्याच्याही वरच्या कोण्या धातूची. चांदीत फोन, सोन्यात माणूस, अन् वरच्या धातूत तोच माणूस पण लवकर, चार तासांत. चांदी मले दाखवू नका, म्हटलं. माझ्या आजीच्या हातापायांत दोन शेर चांदी होती अन् खोटी कोणती हे थे दातानं सांगायची. पुण्याहून आपल्या दिग्रस तालुक्यात चार तासांत फक्त अफवा येते. मंग साधनाले खालची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायले लावली. (अक्षर जितकं बारीक, तितकी गोष्ट मोठी, हे मी तिसरीतच शिकली. दोन्ही वेळा.) त्यात निघालं का चार तासांत 'प्रतिसाद' मिळल. अन् आपल्या जिल्ह्यासमोर लिहिलं होतं, जमल तसे प्रयत्न करू. जमल तसे! असं तर आमच्या गावचा लाइनमनही म्हणते, अन् त्याच्याजवळ तर मोटारसायकलही आहे.

तरी मी न्यायानं वागली. बाजाराच्या दिवशी, साधनाले सोडून कोणालेही न सांगता, नलू बाजारात गेल्यावर तिच्याच ओट्यावरून तिघांच्या सेवेच्या नंबरावर फोन लावला का मशीन बंद पडलं, धावा. टायवाल्याचा नंबर अस्तित्वात नव्हता. तुझ्या कंपनीचं वर लिहिलंच आहे; एकविसाव्या महत्त्वानंतर एका पोरानं तक्रारीचा बारा आकडी नंबर दिला, अन् तीन तास पन्नास मिनिटांनी दुसऱ्या पोरानं फोन करून विचारलं, मॅडम, समाधान झालं का? म्हणजे चार तासांचा शब्द पाळला, हे मी नाकारत नाई. अन् रवी? रवी काळीपिवळी जीपच्या मांगच्या दांडीले लटकून दीड तासात दारात उभा. केसांत धुळा, खिशात स्क्रू पिळायचा पेचकस. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे, परीक्षा घेत होती. तो रागावला नाई. दोन भाकरी खाल्ल्या अन् गेला. पोट्टं गुणाचं आहे, पण हे नलूले कळू देऊ नको.

मंग बैठकीत मी उभी राह्यली. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या का ही आता नातीचं घोडं दामटणार. मी म्हटलं, बायांनो, माझ्या नातीचं मशीन सोन्याचं आहे, पण त्याले पाय नाई. नलूच्या भाच्याले पाय आहेत, पण त्याच्या मशीननं तीन वावरं खाल्ली. म्हणून माझी अट ऐका: मशीन पुण्याचं घ्यायचं, पण त्यातला जो भाग आधी मरते तो सुटा एक रवीच्या दुकानात ठेवायचा, अन् पुण्याच्या कंपनीनं रवीले शिकवून आपला माणूस म्हणून नेमायचं. हे कागदावर लिहून देत नसल तर नातीचं मशीन मी पायरीवरून परत पाठवीन. टाळ्या पडल्या. नलूनंही वाजवल्या, फक्त दोन, पण वाजवल्या. नयन साहेब म्हणे वर विचारून सांगतो. दहा दिवस झाले, वर कोण बसलं आहे कोणास ठाऊक.

अन् तेवढ्यात सोमवारी जुन्या मशीननं खोकणं बंद केलं, कायमचं. साधना रडायले लागली. तपासनीस येत्या चौदा तारखेले यायचा आहे. पण मी हलली नाई. मी सांगतलं, रडू नको, सगळ्याची दुसरी प्रत माझ्या ताब्यात आहे. होळीलेच मी साधनाकडून मशीनले वायरनं जोडायच्या एका डबीत सारं भरून घेतलं होतं, अन् थे डबी, आपण बियाचं मडकं ठेवतो तशी, राजूरले तुझ्या आत्याच्या घरी ठेवली. बियाचं एक मडकं दुसऱ्या गावी लेकीच्या घरीच असावं. आपल्या घराले आग लागली तर थे वाचते, अन् तंगीत दळून खायची बुद्धी झाली तर व्याह्याच्या दारात मागायची लाज वाटते. हे ऐकून नलू सगळ्यांदेखत म्हणाली, जमनीबाई, तुम्ही तिसरी नाई, तुम्ही कालेज शिकल्या. नलूच्या तोंडून! हे वाक्य मी साधनाले बैठकीच्या वहीत लिहायले लावलं, अन् खाली नलूची सही घेतली.

असो. मोठेपणा सांगायची मले सवय नाई. आईबापाले विचारलं म्हणून सांग, वेळेवर जेव, अन् तुझं मशीन चांगलं आहे हे तुले दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी मीच सांगतलं हे ध्यानात ठेव.

तुझी आजी,
जमनी (अध्यक्ष)

ता. क. टायवाला छत्री विसरून गेला. तो परत मागत नाई, मी परत देत नाई. तिघांत सगळ्यात टिकाऊ सेवा तिचीच.

ता. क. दुसरा. (हे फाड.) काल मी राजूरले जाऊन मडकं आणलं, एसटीत मांडीवर धरून. बियाले कीड लागू नये म्हणून आपण जे करतो तेच मी डबीले केलं होतं: खाली चुलीची राख, वर कडूनिंबाचा पाला, डबी, पुन्हा गळ्यापर्यंत राख, अन् तोंड शेणामातीनं लिंपलेलं. फोडलं तर डबीले जिथे वायर लागते त्या भोकातून राख पडून राह्यली. फुंकली, अजून पडली. हलवली का आत खुळखुळ वाजते. शेजारच्या मडक्यातलं तुरीचं बी उगवून पाह्यलं, अव्वल आहे. मी तीन कंपन्यांले काढून दाखवा म्हटलं, अन् होळीपासून माझं एक वेळही काढून पाह्यलं नाई. आठशे चाळीस वावरं त्या राखेत आहेत, अन् हे तुले, मले अन् मडक्याले सोडून कोणाले ठाऊक नाई. फोन केला नाई, कारण रेंज नलूच्या ओट्यावरच येते. पत्र अमरसिंगच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवून राह्यली. त्यानं तुझ्या हातात दिलं ती वेळ तो लिहून घेणार, तिथून तुमचे चार तास सुरू. लांबून यायचं म्हणून तिप्पट सूट देतो, बारा धर. फक्त रवीले पाठवू नका, तो मावशीजवळ बोलते.

ता. क. तिसरा. अमरसिंग गाडी पुसून राह्यला आहे तोवर विचार केला. रवी आला तरी चालते. नलू हसल, वर्षभर हसल, वहीतलं वाक्यही खोडायले लावल. लावू दे. आठशे चाळीस बायांच्या वावरांपुढे माझं नाक काही एवढं मोठं नाई. पण एक गोष्ट कान उघडून ऐक: या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाई, नयन साहेबानं लिहायचं नाई, वर जो कोणी बसला आहे त्यानं लिहायचं नाई, अन् त्या फोनातल्या बाईनं तर तोंडच उघडायचं नाई. ज्याच्या खिशात पेचकस आहे त्यानंच उत्तर द्यावं, माझ्या दारात उभं राहून.