लुनोकपाशी दोन शिट्ट्या

१२ एप्रिल १९५८

...आणि एवढं खोदून खोदून विचारलं तरी तियो इसिंगने सांगितलं नाहीच! कालचा प्रश्न आजही तसाच. लुनोकच्या झाडापाशी शिट्टी का?

बाकी सगळ्या शिट्ट्यांचं कारण मला आता पाठ आहे. निघताना दोन लांब. पुलाच्या आधी एक लांब. माघारी सरकताना तीन छोट्या. सगळं कसं बरोबर! पण वरच्या खिंडीत, जिथे चढ संपतो आणि आरागिरणीपर्यंतचा सहा मैलांचा उतार लागतो, तिथे ते लुनोकचं म्हातारं झाड आहे. पारंब्याच पारंब्या, मूळ खोड कुठलं तेही कळत नाही. तिथे गाडी थांबते. तियो शिट्टीची दोरी हळूच ओढतो. दोनदा. कुणाचं बाळ झोपलं असावं इतकी हळू. मग थांबतो. मग निघतो.

मी इंजिनावरच उभी होते. (नानायला, म्हणजे आईला, सांगितलेलं नाही. आपल्या सख्ख्या भावाचं इंजिन असलं म्हणून काय झालं, म्हणेल.) मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, परवानगी मागतो. कुणाची? तर ओठ पुढे काढून झाडाकडे दाखवलं. झालं उत्तर!

फायरमन पेर्फेक्तो भट्टीत लाकडं टाकता टाकता म्हणाला, "इंदाय, कॉलेजात एवढं इंग्रजी शिकलीस, तूच विचार की झाडाला. कदाचित त्याला इंग्रजीच कळत असेल."

मागे कुठेतरी टक, टक आवाज येत होता. सुतारपक्षी असावा. बघायला हवं.

१४ एप्रिल

सात नंबरचं, म्हणजे तियोच्या इंजिनाचं, चित्र काढायचा चौथा प्रयत्न. हेही फसलं. तिचे तिन्ही सिलिंडर एकाच बाजूला, उजवीकडे, उभे. म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं की वाटतं, बाई कमरेवर घागर घेऊन एका अंगाला झुकलीय. आणि दट्टे चाकांना सरळ फिरवतच नाहीत! दट्टे एक लांब दांडा फिरवतात, दांड्यावरचे दाते चाकांवरच्या दात्यांत अडकतात, तेव्हा कुठे चाक फिरतं. म्हणून आवाज असा की आता हवेत उडेल, आणि वेग माझ्या चालण्याइतका. पण एवढा उभा चढ दुसरं कुठलं इंजिन चढेल? कुठलंच नाही!

बाकोलोदला कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तर म्हणाल्या, मुली हिरोचे फोटो जमवतात, ही दात्यांची चाकं!

१६ एप्रिल

विचारपूस चालू. झाडापाशी शिट्टी का —

पेर्फेक्तो: झाडात तामावो राहतात, गोरेपान, सुंदर. न विचारता गेलं की ताप येतो.

नानाय: तुझा तियो लहानपणापासून देवभोळाच.

कंपनीच्या ऑफिसातले कारकून: सवय, दुसरं काय.

शेडमधला म्हातारा लोहार: शिट्टीच्या नळीतलं पाणी काढायला. (मग बाकी ठिकाणी का नाही काढत?)

चार माणसं, चार कारणं. म्हणजे खरं कारण नाहीच, असं धरायचं का?

२१ एप्रिल

आज काय झालं! सुट्टीपुरतं मी ऑफिसात टायपिंग करते ना, तर हॉलिंगर साहेबांनी बोलावलं. साहेब नवीन, ओरेगॉनचे, तिकडच्या डोंगरात अशाच इंजिनांवर वाढलेले. माझी वही टेबलावर राहिली होती, ती त्यांनी चाळली होती. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाले, हे तू काढलंस? दाते मोजून काढलेस? मग आम्ही अर्धा तास फक्त सात नंबरवर बोललो!

त्यांनी काम दिलं. शिट्ट्यांचा तक्ता टाइप करायचा, शेडमध्ये लावायला. तीन रकाने: कुठे, किती, कशासाठी. मी!!

२२ एप्रिल

तक्ता झाला. सात ओळी. सातव्या ओळीवर बराच वेळ बसले. खिंडीतलं लुनोक, दोन, हळू. तिसऱ्या रकान्यात काय लिहू? तामावो लिहिलं असतं तर साहेब हसले असते. शेवटी टाइप केलं: "काही नाही (समजूत)".

२४ एप्रिल

तक्ता शेडच्या दाराला लागला. त्यात सहाच ओळी. खाली नोटीस: कारण नसलेली शिट्टी वाजवायची नाही. वाजवणारा ड्रायव्हर महिनाभर इंजिनावरून खाली.

मला वाटलं होतं साहेब सातवी ओळ वाचून गंमत म्हणून सोडून देतील. ते म्हणाले, उतारावरच्या प्रत्येक आवाजाला अर्थ हवा, नाहीतर माणसं खऱ्या शिट्टीकडेही लक्ष देत नाहीत. पटलं की मला! अजूनही पटतंय.

तियोने नोटीस वाचली. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचली. मग म्हणाला, "टायपिंग छान आहे, इंदाय."

एवढंच. दोन वर्षांनी त्याची पेन्शन आहे. तो वाजवणार नाही.

२५ एप्रिल

नानायने तुरीच्या दाण्यांत फणस आणि डुकराचं मांस घालून कालवण केलं होतं. तियोला आवडतं म्हणून बोलावलं. आला नाही.

२८ एप्रिल

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी खिंडीत धुकं होतं. सात नंबर नऊ वाघिणी ओंडके घेऊन वर थांबली. तियोने शिट्टी दिली नाही. रोज थांबतो तेवढा वेळ थांबला आणि निघाला. थोडं उतरल्यावर मागच्या वाघिणी इंजिनाला ढकलायला लागल्या. मधल्या तीन वाघिणींचे ब्रेक आवळलेलेच नव्हते! (दर तीन वाघिणींवर एक ब्रेकवाला असतो, तो हाताने चाक फिरवून ब्रेक आवळतो.) तियोने रुळांवर वाळू सोडली, इंजिन उलटं घातलं, पेर्फेक्तोने खालच्यांना सावध करायला शिट्टीची दोरी ओढून धरली. मागच्या-पुढच्या दोघा ब्रेकवाल्यांनी होती ती ब्रेकची चाकं जीव खाऊन आवळली. पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली. पेर्फेक्तो सांगत होता, पुढचं चाक आणि पूल यात केळीच्या पानातल्या सुमानची एक गुंडाळी मावेल एवढीच जागा होती. हे तो हसत सांगत होता आणि त्याचे दात वाजत होते.

मधला ब्रेकवाला आम्बोय गाडीवर नव्हताच. वर खिंडीतच ओल्या ओंडक्यावरून घसरला होता. बाकीचे चालत परत गेले तेव्हा रुळाच्या कडेला सापडला. मांडीचं हाड मोडलंय. दीड तास एकटा पडला होता.

२९ एप्रिल

चौकशी लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ब्रेक आवळले की नाही हे न बघता इसिंग निघालाच कसा? नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, ब्रेकवाल्यांनी झेंडा दाखवावा, ड्रायव्हरने तो पाहून निघावं. तियोला इंजिनावरून खाली उतरवलंय. पेन्शनही जाईल म्हणतात.

मी त्याच्या घरी गेले. कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी म्हटलं, झेंडा का नाही पाहिलास? म्हणाला, त्या वळणावर झाड आडवं येतं, मागचं काही दिसत नाही. चोवीस वर्षांत एकदाही दिसलेलं नाही. मग रोज कसं कळायचं तुला, की निघायचं?

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं की भात शिजला हे कसं कळतं.

"परवानगी मिळायची," म्हणाला.

३० एप्रिल

मी किती मूर्ख आहे!! वहीत चार माणसांची चार कारणं लिहिली. ब्रेकवाल्यांना विचारलंच नाही. एकालाही नाही! ओंडक्यांवर बसणारी माणसं, तेलाने काळी, इंजिनाजवळ कधी येत नाहीत. मी इंजिन बघत होते.

आज दवाखान्यात आम्बोयकडे गेले. पाय दोरीने वर टांगलेला. नोटीस कुणी टाइप केली ते त्याला ठाऊक होतं. तरी म्हणाला बस, आणि शेजारच्याच्या खाटेवरून केळं उचलून मला दिलं.

त्याने सांगितलं ते असं. लुनोकपाशी गाडी थांबली की ब्रेकवाले आपापल्या तीन वाघिणींची ब्रेकची चाकं आवळतात. ज्याचं झालं, तो आपल्या जागी बसतो आणि वाट बघतो. तियोची शिट्टी झाली की पुढचा दांडक्याने एकदा चाक ठोकतो. मग मधला. मग मागचा. प्रत्येकाचा एकच ठोका. म्हणजे ब्रेक आवळलेत, आणि मी गाडीवर आहे. सगळे ठोके आले की तियो निघतो.

सुतारपक्षी!

मी विचारलं, शिट्टी झाली नाही तरी ठोकायचं ना मग. तर म्हणाला, "आवळतानाही दांडका चाकावर आपटतोच, इंदाय. विचारल्याशिवाय ठोकलं तर उत्तर कुठलं आणि काम कुठलं, कसं कळणार?"

मग सगळे तामावोची परवानगी का म्हणतात? तर म्हणाला, तीही मागतोच की. दोन शिट्ट्या आहेत ना.

हे युद्धाआधी सुरू झालं. तेव्हा बारा वाघिणी असायच्या, ब्रेकवाले चौघं. शेवटच्या तीन वाघिणींवर बेनितो म्हणून होता. धुक्यात तिथेच पडला. खाली आरागिरणीत पोचेपर्यंत कुणाला पत्ता नाही. परत जाईपर्यंत संपला होता. त्यानंतर तियोने शिट्टी चालू केली. गाडी तियोचीच होती.

आम्बोयने कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी केळं तसंच धरून बसले होते.

१ मे

टाइप करून नेलं. दोन पानं. साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. कपाटातून जुना तक्ता काढला, सात ओळींचा. सातव्या ओळीवर बोट ठेवलं. हे "काही नाही" कुणी ठरवलं?

मी म्हटलं, मी.

वाटलं आता ओरडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ओरेगॉनमध्ये त्यांच्या वडिलांच्या गाडीवरही असलंच काहीतरी होतं, बोगद्याच्या तोंडाशी. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाले, "नोटीस मी लावली. सही माझी आहे."

तियो सोमवारपासून परत इंजिनावर. चौकशी बंद. सातवी ओळ परत घालायची, या वेळी कारणासकट. मजकूर मी तयार करायचा, पण आधी खिंडीत जाऊन सगळं नीट बघून, मोजून.

घरी येताना देवळाजवळ फुलांच्या मिरवणुकीची तयारी चालली होती. नानायने माझी नखं पाहिली आणि म्हणाली, या हातांनी देवाला फुलं वाहणार? ग्रीस आहे, जात नाही. मिठाने घासली. तरी नाही गेलं.

३ मे

तियोला सांगायला गेले, की मी सोमवारी मोजायला येणार. म्हटलं, तीन ठोके झाले की निघायचं, बरोबर ना?

म्हणाला, "पूर्ण झाले की निघायचं."

म्हणजे तीनच ना, मी परत विचारलं. तो शर्टाची बटणं लावत होता. माफी मागायची म्हणून गेले होते, ती राहूनच गेली. दारात मागून म्हणाला, सोमवारी डबा आण, वर भूक लागते.

५ मे

गेले. धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन. नऊ वाघिणी, मी स्वतः मोजल्या. तीन ब्रेकवाले. आम्बोयच्या जागी नवा माणूस, त्याला दोनदा विचारून आले की कसं करायचं.

लुनोकपाशी थांबलो. मी मुद्दाम डाव्या बाजूला उभी राहिले, सिलिंडरच्या आवाजापासून लांब. वही उघडी. तियोने दोरी हळूच ओढली. दोनदा.

टक. जवळून.

टक. मधून.

टक. मागून.

मी वहीत तीन लिहिलं आणि तियोकडे पाहिलं. तो निघाला नाही. हात दांड्यावर, मान किंचित तिरकी. पेर्फेक्तोही भट्टीकडे न बघता खाली बघत होता.

टक.

खूप लांबून. नवव्या वाघिणीच्याही मागून, जिथे नुसते रूळ आहेत.

तियोने ब्रेक सोडला.

६ मे

खाली उतरल्यावर तिघांनाही वेगवेगळं विचारलं. प्रत्येकाने एकदाच ठोकलंय. प्रतिध्वनी म्हणावा तर तिन्ही ठोक्यांचा यायला हवा, सहा व्हायला हवेत. आला एकच. मागे चालत गेले असते तर दिसलं असतं काही? सुतारपक्षी असेलही. तियोला विचारलं नाही. या वेळी सगळ्यांना विचारलं, फक्त त्याला नाही.

तक्ता यंत्रात लावलेला आहे. सहा ओळी झाल्या. सातवी: खिंडीतलं लुनोक, दोन, हळू. कारण: सगळे ब्रेकवाले गाडीवर आहेत याची खात्री. उत्तराचे ठोके —

साहेबांना उद्या सकाळी हवाय. हे टाइप झालं की नियम होणार, आणि तियोनंतर येणारा ड्रायव्हर हे वाचूनच गाडी सोडणार. तिथे तीन लिहू की चार? तुला काय वाटतं?