पप्पांच्या पायावरचा जांभळा दिवा

पाचूबंदर, वसई
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय ऑगस्टीन,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलले की पप्पा कान लावून बसतात, म्हणून कागद. शिंगाळा माशाचा काटा त्यांच्या पायात घुसला हे तुला ठाऊक आहे. साखर वाढलेली, जखम भरेना. विरारला एका क्लिनिकमध्ये ‘प्लाझ्मा’ने जखमा भरतात असं ऐकलं आणि पप्पा हट्टालाच पेटले, की माझा मुलगा पुण्यात यावरच संशोधन करतो, मग भ्यायचं कशाला! मला वाटलं रक्तातला प्लाझ्मा देणार. कसलं काय, जांभळा दिवा पायावर फिरवतात आणि पट्टी बांधतात. घरी ती सोडायची नाही म्हणे. आता असा वास सुटलाय की मी ताट घेऊन ओट्यावर जेवते. डॉक्टर सांगतो, जंतू मरताहेत त्याचा वास. जन्म मासळीत गेला माझा, कुजलेलं मला कळतं. तुझी विद्या अशीच घाणेरडी आहे का रे?

लगेच कळव. लोभ असू दे, राग आला तरी.
तुझी ताई,
रोझलीन

पुणे
१६ ऑगस्ट

प्रिय रोझलीनताई,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताच फोनवर घाईत बोललो, तेच नीट लिहितो. आमचा प्लाझ्मा म्हणजे वीज खेळवलेला वायू. हाताला गार लागतो, जंतू मारतो. काही देशांत न भरणाऱ्या जखमांवर वापरतातही. पण मेलेलं मांस आधी काढावंच लागतं. आमच्याकडे अजून चाचण्याच चालू आहेत. बाजारात मात्र सुरकुत्या, मुरुमं, टक्कल, सगळ्यावर प्लाझ्मा विकणारे जमलेत. त्यांची गुळगुळीत पत्रकं हातात धरवत नाहीत. पप्पांना सर्जनकडे नेलंस ना?

जीव टांगणीला आहे. माया असावी.
तुझा,
ऑगस्टीन

पाचूबंदर
२३ ऑगस्ट

प्रिय ऑगस्टीन,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला त्याच दिवशी नेलं. सर्जनने पट्टी सोडली तर आत अळ्या वळवळत होत्या. इतकी वर्षं मासे साफ करणारी मी, बाहेर जाऊन ओकले. दोन बोटं गेली, पाय वाचला.

मग विरारला गेले. तो दिवा पार्लरमध्ये चेहऱ्यावर फिरवतात तसलाच, वालीवच्या कुठल्या कारखान्याच्या गाळ्यात जोडलेला. आणि भिंतीवर, ऑगस्टीन, तुझा फोटो! खाली लिहिलेलं, आमचे संशोधक. पेपरातलं ते कात्रण पप्पांनीच कौतुकाने दिलं होतं. मी ते ओरबाडून काढलं. घरी येऊन हे सांगितलं, तेव्हापासून पप्पा भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

सांभाळ स्वतःला.
ताई

पुणे
२९ ऑगस्ट

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

आमच्या साहेबांनी सुचवलं, की तक्रार नको, प्रयोगशाळेचं नाव चर्चेत येईल, चाचण्या अडतील. त्यांच्याकडचा चहा तसाच ठेवून उठलो. तक्रार केली आहे. पप्पांना सांग, त्यांच्यावर माझा राग नाही.

तुझा,
ऑगस्टीन

पाचूबंदर
६ नोव्हेंबर

प्रिय ऑगस्टीन,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या तक्रारीची चौकशी झाली. येऊ नका म्हटलं तरी पप्पा काठी टेकत आले. तो डॉक्टर अधिकाऱ्यांना सांगत होता, की हे कोळी लोक, घाणीत राहतात, पाय खाऱ्या पाण्यात घालतात, त्याला औषध काय करणार. पप्पा उठले. चप्पल काढून तो तीन बोटांचा पाय त्यांनी डॉक्टरच्या समोर टेबलावर ठेवला. म्हणाले, की पानी खारं आहे, घान नाही. आणि उभ्या जन्मात शिळं म्हावरं ताजं म्हणून मी कुनाला विकलं नाही. डॉक्टरने नाकाला रुमाल लावला. वास तर कसलाच नव्हता.

क्लिनिकला टाळं लागलंय. बाहेर पडल्यावर पप्पांनी मला विचारलं, की ऑगस्टीन नाताळला येतो ना.

ये.
ताई