मशीनला पटलेली ओळख

६ ऑक्टोबर २०१४, सकाळ
आधी माफी. ही डायरी अनुपने पुण्याहून पाठवली ती जानेवारीत. रोज लिहा बाबा, मन हलकं होते, म्हणाला होता. उद्यापासून लिहू म्हणता म्हणता पावसाळा गेला. उशीर झाला खरा, पण कारण आहे. अड्याळच्या धान खरेदी संस्थेच्या ऑफिसची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. कुलूप उघडणं, झाडणं, पाणी भरणं, फायली नेणं-आणणं. माणसाने लिहायला वेळ काढावा कुठून? तरी मुलाला राग येऊ नये. आता रोज लिहीन.

आज लिहायचं कारण असं की ऑफिसात हजेरीचं मशीन बसलं. रजिस्टर कपाटात गेलं. मी सातवी पास, आठवी अर्धी, पण उभ्या जन्मात कुठे अंगठा लावला नाही. बापाने लावला. मी सही करतो. लफ्फेदार, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. आता हे मशीन म्हणते अंगठाच पाहिजे. लावला. आतून बाई मोठ्याने बोलली, कृपया पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा लावला. पुन्हा तेच. टेकचंद, आमचा क्लार्क, खुर्चीतून ओरडला, डोमाजी, बाई रुसली गा तुमच्यावर! सगळे हसले. मीही हसलो. काय करता.

अध्यक्ष भय्याजींना सांगितलं. ते म्हणाले, डोमाजी, तुमचं वय झालं. पुढचं साल वाढवाचं का नाही, ते नोव्हेंबरची हजेरी पाहून ठरवू. मशीनमधी नाव दिसलं तं राहा, नाही तं घरी आराम करा.

आराम! मला आरामाने झोप येत नाही.

८ ऑक्टोबर
अंगठ्याला लिंबू चोळलं. मग मोहरीचं तेल. मग चुलीची राख. बाई ऐकत नाही. बायकोला, धुरपताला वाटतं, जन्मभर तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला म्हणून रेषा गेल्या. म्हणाली, अंगठ्यात का उरलं आता तुमच्या, सारा सुपारीत गेला. चूक आहे. रेषा गेल्या त्या धानाची पोती उचलून. तरी निश्चय केला, आजपासून खर्रा बंद.

संध्याकाळी थोडा घेतला. एकदम सोडलं तर प्रकृतीला अपाय होतो.

९ ऑक्टोबर
अनुपला फोन केला. अनुप कंप्युटरमध्ये आहे. म्हणाला, बाबा, मीटिंगमध्ये आहो, नंतर करतो. त्याच्या पुण्याच्या बिल्डिंगच्या गेटवरही अंगठ्याचं मशीन आहे असं मागे सांगत होता. तिथे सगळ्यांचे अंगठे चांगले असतील.

फोन आला नाही. कामाचा माणूस आहे.

११ ऑक्टोबर
पवनीला बाबूलालकडे गेलो. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता पाटीवर कंप्युटर लिहिलं आहे. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, डोमाजी, मशीन खराब नाही, तुमच्या मापाचं नाही. मग त्याने पेटीतून एक मशीन काढलं. हुबेहूब आमच्यासारखं, काळं, वर काच. म्हणे हे म्हाताऱ्या अंगठ्यांसाठीच येते. याची वायर कंप्युटरला लावायची, आणि कंप्युटरात याचा ड्रायव्हर टाकायचा. मी म्हटलं, ड्रायव्हर कायले? त्याने समजावलं की गाडीला जसा असतो तसाच. मशीन स्वतः चालत नाही, आतला ड्रायव्हर चालवतो. पटलं.

निश्चय. कोणाला न सांगता टाकायचा. सांगितलं की तृप्ती पोरगी नाक खुपसेल. ती ऑपरेटर आहे, हुशार आहे, मला काकाजी म्हणते. पण हुशार माणसाला विचारलं की काम लांबतं.

१३ ऑक्टोबर
बाबूलालकडून मशीन आणि ड्रायव्हरची सीडी विकत आणली होती. सकाळी लवकर ऑफिस उघडलं. कंप्युटर तीन. हजेरी कुठल्यात जाते ते माहीत नाही, म्हणून तिन्हीत टाकायचं ठरवलं. पहिल्यातच लाल चौकट आली. इंग्रजी. एवढ्यात तृप्ती आली. मी मॉनिटर पुसायला लागलो. ती चौकट वाचून म्हणाली, काकाजी, हे कोणाचं आहे? या ड्रायव्हरवर बनवणाऱ्याची सही नाही म्हणते. मी म्हटलं, रात्री उंदीर फिरले असतील.

सही नाही! मनातून मलाच लाज वाटली. सहीशिवाय मी एक पोतं बाहेर जाऊ दिलं नाही कधी. बाबूलालला फोनवर झापलं. तो म्हणाला, सहीवाला ड्रायव्हर मोठ्या कंपनीचा असते, याचा बनवणारा गरीब आहे. गरिबाची अडचण मी समजू शकतो. पण चौकट नको, आवाज नको, कोणाला कळायला नको, असं सांगितलं. तो म्हणाला, तं सायलेंटमधी टाकून देतो, पेन ड्राइव्ह घेऊन जा. दाबलं की काहीच विचारणार नाही.

मला असंच काम आवडतं.

१५ ऑक्टोबर, दुपार
आज मतदानाची सुट्टी. धुरपताला घेऊन मत टाकून आलो. तिथेही सही केली, अंगठा नाही. मग ऑफिसात गेलो, चावी माझ्याकडे होतीच. तिन्ही कंप्युटरांत पेन ड्राइव्ह घातला. खरंच काही विचारलं नाही. जुनं मशीन कपाटात, रजिस्टरच्या मागे ठेवलं. नवं दाराजवळच्या स्टुलावर. रंग तोच. कोणाच्या बापाला कळणार नाही.

एक अट आहे. कंप्युटर सुरू होताना दरवेळी F8 दाबायचं, मग यादीतली शेवटून दुसरी ओळ निवडायची, नाही तर तो बिनसहीचा ड्रायव्हर आत घेत नाही. बाबूलालने कागदावर बटणाचं चित्र काढून दिलं. म्हणजे रोज सगळ्यांच्या आधी जायला हवं. मी तसाही आधीच जातो.

अनुपचा फोन आला. सगळं सांगितलं, कौतुकाने. तो घाबरला. बाबा, ऑफिसच्या कंप्युटरात असं गुपचूप काही टाकू नका, कोणी बनवलं ते माहीत नाही, काढून टाका. म्हटलं, बरं. मुलांना बापाची प्रगती लवकर पचत नाही.

१८ ऑक्टोबर
नव्या मशीनने तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा हिरवा दिवा दिला. बाई बोलत नाही, ती सायलेंटमध्ये गेली. फार सुख.

दुपारी लाइट गेली. आली तेव्हा कंप्युटर आपोआप सुरू झाले, मी चहा आणायला गेलो होतो. F8 कोण दाबणार, हजेरीचं मशीन बंद पडलं. तृप्ती गोंधळली. मी म्हटलं बाजूला हो, आणि तिघांनाही पुन्हा बंद करून F8 दाबलं. ती म्हणाली, काकाजी, हे कुठं शिकले तुमी? मी म्हटलं, अनुप कंप्युटरमध्ये आहे. दमलो. आता लाइट गेली की धावावं लागतं. गुडघे दुखतात. चहा आणणं बंद करावं म्हणतो.

२३ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
ऑफिसात पूजा. दरवर्षीप्रमाणे तराजू, वजनं, तिजोरी, शिक्के आणि आता तिन्ही कंप्युटर. भय्याजींनी नारळ फोडला. कुंकू लावायचा मान जुना माणूस म्हणून माझा. कुंकवात तेल जरा जास्त कालवलं होतं धुरपताने. सगळ्यांना बोटाने लावलं, हजेरीच्या मशीनला मात्र अंगठ्याने, काचेच्या मधोमध. दाबून लावलं. अंगठा उचलला तर काय, काचेवर लाल रेषा! बारीक, गोल गोल, एकात एक. माझ्याच. कोण म्हणते रेषा गेल्या? धुरपताला दाखवायला बोलवणार होतो.

टेकचंद पुसायला गेला. मी त्याला थांबवलं. पूजेचं कुंकू पुसत नसतात, आपसूक जाते. भय्याजीही म्हणाले, राहू दे गा, सणासुदीचं.

दिवाळीला अनुप आला नाही. फोनवर म्हणाला, तुमी दोघं पुण्याले या बाबा, कायमचे. दोन खोल्या आहेत. मी साफ सांगितलं, धान खरेदी सुरू होऊन राहिली, माझ्याशिवाय ऑफिस अडते. त्याने पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाला, ठीक आहे, पुन्हा नाही विचारत.

धुरपता जेवली नाही नीट. सणाचं गोड जास्त झालं असेल.

३० ऑक्टोबर
दिवाळीनंतरची मंडई, आमच्याकडची जत्रा, झाली, ऑफिस सुरू झालं. मशीनला माझी पूर्ण ओळख पटली आहे. अंगठा नुसता टेकवला की हिरवा दिवा. माझाच नाही, सगळ्यांचा पटकन लागतो. टेकचंद म्हणाला, दिवाळीपासून मशीन सुधरलं. मी झाडत राहिलो. श्रेय घ्यायची मला सवय नाही.

पगार दिवाळीआधी झाले, म्हणून ऑक्टोबरची हजेरी काढली नाही. तृप्ती म्हणाली, एकदम नोव्हेंबरचीच काढू.

१२ नोव्हेंबर
धानाच्या गाड्या लागल्या. रस्त्यापर्यंत बैलगाड्या, ट्रॅक्टर. भांडणं. मी रांगेत उभा राहून एकेकाला नावाने हाक मारतो, कोणाचा नंबर कोणामागे ते मला पाठ असतं. पण तेवढ्यात लाइट जाते आणि मला आत पळावं लागतं. भय्याजी ओरडले, डोमाजी, रांग सोडून कुठं जाऊन राहिले? त्यांना काय सांगू. रांग कोणीही सांभाळेल. ऑफिस ज्यावर चालतं ते काम मी करतो.

खर्रा वाढला आहे. धान खरेदी संपली की सोडतो.

२१ नोव्हेंबर
मशीनवर कुंकू अजून फिकं फिकं आहे. रोज सकाळी बघतो. झाडताना त्यावर फडकं फिरवत नाही. रोज सगळ्यांच्या आधी माझाच अंगठा पडतो त्याच्यावर, त्याच जागेवर. देवाची कृपा.

१ डिसेंबर, सकाळ
आज हजेरी निघणार. धुतलेला सदरा घातला. धुरपताला म्हटलं, साल वाढल्यावर तुला पवनीला नेतो, लुगडं घेऊ. ती म्हणाली, आधी या तं घरी.

१ डिसेंबर, संध्याकाळ
लिहवत नाही, तरी लिहितो.

तृप्तीने कागद काढला आणि बघतच राहिली. भय्याजींनी हातात घेतला. म्हणाले, हे का आहे? पूर्ण महिना ऑफिसात फक्त डोमाजी. टेकचंद गैरहजर. तृप्ती गैरहजर. अध्यक्षही गैरहजर. आणि डोमाजी दिवसातून सात-आठदा हजर. सकाळी आले, मग पुन्हा आले, मग पुन्हा आले.

टेकचंद उठून उभा राहिला. डोमाजी, माह्या बदल्यात तुमी नोकरी केली, तं माह्या बायकोले पगार बी तुमीच द्या! या वेळी कोणी हसलं नाही. पगार अडकले होते.

नागपूरहून मशीनवाला आला. त्याने काचेवर बोट फिरवलं, वास घेतला, म्हणाला हे तर कुंकू आहे. कोणाचाही अंगठा ठेवला तरी मशीन खालचाच ठसा वाचतं. बरं मशीन असतं तर सांगितलं असतं की काच पुसा. या मशीनचं सगळं बोलणं कोणीतरी बंद करून ठेवलं आहे. मग त्याने विचारलं, सही नसलेला ड्रायव्हर तिन्ही कंप्युटरांत कोणी टाकला?

सगळे एकमेकांकडे बघत होते. मी कपाटातून जुनं मशीन काढून टेबलावर ठेवलं. पुसून ठेवलं होतं मी ते, चांगलं.

भय्याजींनी दोन्ही मशीनं शेजारी ठेवून पाहिली. ओरडले असते तर बरं होतं. मग म्हणाले, डोमाजी, तुमाले कंप्युटरचं कोणी सांगतलं होतं? त्या मशीनचं मी चिडून बोललो, वाढवणारच होतो मी साल. तुमी रांगेत उभे राहाचे तं भांडण होत नोहतं, एवढ्यासाठी ठेवलं होतं तुमाले.

हे आधी सांगायला काय झालं होतं?

४ डिसेंबर
समिती बसली. साल वाढलं नाही. हजेरीला पुन्हा रजिस्टर आलं, पुन्हा सह्या. मशीनवाल्याने दोन्ही मशीनं नेली. म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं, फक्त मला घरी बसवून.

बाबूलालला फोन केला. म्हणाला, कुंकवाची गॅरंटी नाही देत आपण.

८ डिसेंबर
संस्थेचे उरलेले पैसे खात्यात जमा झाले, ते काढायला बँकेत गेलो. सही केली. रेघ, दोन टिंबं. रेघ जरा तिरकी गेली. काउंटरमागच्या बाईने जुनी सही काढून लावून पाहिली. जुळत नाही म्हणाली. पुन्हा केली. नाही जुळली. मागे रांग होती. ती म्हणाली, बाबा, त्यापेक्षा अंगठा लावून द्या ना.

लावला.

कागदावर नुसता गोल डाग पडला, रेषा एकही नाही. बाई म्हणाली, आता ओळखीचा माणूस लागेल, हा अंगठा तुमचाच आहे म्हणून सही करायला. रांगेत टेकचंद होता. आला, खिशातून पेन काढला, माझ्या डागाशेजारी सही केली. त्याची सही साधी आहे, लफ्फा नाही, पण जुळते. बाहेर येऊन म्हणाला, चला डोमाजी, चहा पाजतो. मग टपरीवरच दोघांसाठी खर्रा घोटला त्याने. मला घोटू दिला नाही.

९ डिसेंबर, सकाळ
सवयीने लवकर उठलो. जायला कुठे नव्हतं. धुरपता म्हणाली, फोन लावा ना पोराले. लावला. लागला नाही. मीटिंग असेल.

अनुप, ही डायरी तूच दिली होतीस. तू वाचणार नाहीस, तरी लिहून ठेवतो, फोनवर बोलताना मला जमणार नाही. तू म्हणाला होतास पुन्हा विचारणार नाही. नको विचारू. मीच विचारतो, त्या दोन खोल्यांपैकी एक अजून रिकामी आहे का? तुझी आई भांडी बांधायला लागली आहे, मी नको म्हणत नाही.

एवढंच बघ, तुमच्या गेटवर जो पोरगा बसतो त्याला विचार, अंगठा नसलेला माणूस सहीवर आत येऊ शकतो का. सहीही जुळली नाही तर तुला खाली यावं लागेल, मला ओळखतोस म्हणून सांगायला. जमेल का ते कळव. निरोप लवकर धाड.