ले माफा घाटातले बर्फाचे टायर

लोतोफागा, सामोआ
१२ जानेवारी २०१४

ती. पेनीदादास,
शि.सा.न. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण मी खुशाल नाही. आमच्या घरातला एकुलता फोन आसोच्या खिशात होता, तो मासे मारताना समुद्रात पडला. असता तरी नवऱ्यासमोर हे बोलले नसते. पाद्रीबाई ऑकलंडला लेकीकडे येताहेत, त्यांच्या हाती देते.

आसोनं जपानहून आलेली जुनी व्हॅन घेतली. रोज गावातली पोरं भरून ले माफाचा घाट ओलांडतो, आपियाच्या शाळेत सोडतो. आमची लांगीही त्यातच जाते. रस्ता कोरडा असला की गाडी गुणी. पाऊस पडला की झऱ्याजवळच्या वळणावर ती त्याचं ऐकत नाही. ब्रेक दाबला तरी साबणावरून जावी तशी सरकत राहते. मी एकदा आत होते. काचेतून खाली झाडांचे शेंडे दिसत होते, दादा.

बायका म्हणतात, वळणावर भूत होऊन राहणाऱ्या बाईला मुलींचे मोकळे केस खपत नाहीत. आता मी लांगीचे केस इतके घट्ट बांधते की पोर रडते. तू हसशील, हस बापडा. पण मला दिवसभर काही सुचत नाही. व्हॅन परत आल्याचा आवाज ऐकला की मगच घास उतरतो.

आसोला सांगितलं तर म्हणतो, पाऊस तुझ्या डोक्यात पडतो. चाकं बघ म्हणे, कशी चकचकीत अलॉयची आहेत, टायर नवेकोरे. नवे दिसतात खरे. ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक रेघा, आणि दुपारी नख दाबलं तर रबर पिकल्या नीरफणसासारखं दबतं. कडेला डोंगर कोरलाय नि त्यात एक फूल. लांगी म्हणते, ते माझं फूल.

पाठीशी आहेस, तसाच राहा.
तुझी मासिना


ऑकलंड
१९ जानेवारी

चि. मासिनास,
अनेक आशीर्वाद. तुझं ते फुलाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतकी वर्षं टायरच्या दुकानात काढली आहेत. ते फूल नाही, बर्फाचा कण आहे.

ते टायर जपानच्या हिवाळ्यासाठी केलेले. गोठवणाऱ्या थंडीत सगळी रबरं कडक होतात, हे मऊ राहतं आणि त्या बारीक चिरा बर्फाला धरतात. आपल्या उन्हात तेच रबर लिबलिबीत होतं, ओल्या डांबरावर त्याचा पाय ठरत नाही. आपल्याला टणक रबराचे, पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद खाचांचे टायर लागतात. आसोला सांग, अलॉयच्या चकाकीवर भाळू नकोस. अलॉय हलकं असतं, पण मोठ्या खड्ड्यात आपटलं तर तडकतं. बाबांच्या पिकअपची पोलादी चाकं नुसती वाकायची, नि बाबा ती हातोड्यानं सरळ करायचे. पण तुमचं भय चाकात नाही, त्यावरच्या रबरात आहे.

वळणावरच्या बाईला उगाच दोष देऊ नका. लांगीचे केस सैल बांध. आणि पाऊस असेल तेव्हा गाडी काढू देऊ नकोस, पोरांची शाळा बुडाली तरी चालेल.

बोटीनं सामान धाडणाऱ्या आपल्या लेउताचा कंटेनर निघतोय. त्यात दोनच टायर बसतात, ते धाडतो. उरलेले दोन मागाहून.

घरच्या सगळ्यांवर माझा जीव आहे, हे विसरू नका.
तुझा पेनी


लोतोफागा
२३ फेब्रुवारी

ती. पेनीदादास,
शि.सा.न. टायर पोचले! आसो आधी फुगून बसला. मेव्हण्याला माझी गाडी न बघताच कळते का, म्हणे. मग रात्रीच्या पावसानं ओल्या झालेल्या अंगणात गाडी पळवून त्यानं ब्रेक दाबला, तर ती सरकतच गेली. दुसऱ्या दिवशी स्वतःच टायर बसवले. दोन्ही पुढे घातलेत. वळतात पुढची चाकं, इंजिनही पुढचीच ओढतं, मग चांगले तिथेच हवेत, असं तो म्हणाला. मलाही पटलं.

येत्या शनिवारी आमचं भजनमंडळ आपियाला गायला जाणार. सगळ्या बायका व्हॅनमध्ये, लांगीही. किती दिवसांनी निर्धास्त बसेन. हे पत्र विमानानं येणाऱ्या शिक्षिकेबरोबर देते.

मायेत अंतर नको.
मासिना


ऑकलंड
१ मार्च, शनिवार

मासिना,
मायना लिहायला धीर नाही. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. चांगले टायर मागे हवेत गं, नेहमी मागेच! पुढे पकड आणि मागे घसरण असली तर ओल्या वळणावर पुढचं धरून राहतं नि मागचं भोवऱ्यासारखं फिरतं. हे मी लिहायला हवं होतं. रोज गिऱ्हाइकांना सांगतो, बहिणीला सांगायचं राहिलं.

पाद्रींच्या घरी फोन लावला. म्हातारबुवा म्हणाले, व्हॅन मघाशीच गेली, घाटात जोराचा पाऊस आहे, बायका गातच निघाल्या. पुढे कुणाला फोन करू? तिथल्या पोलिसांचा लागत नाही. लावत राहतोय, मधल्या वेळात हे लिहितोय. हे पत्र तुला कधी मिळेल, आणि मिळेल तेव्हा


लोतोफागा
३० मार्च

रा. पेनीभाऊंस,
स.न.वि.वि. सगळे जिवंत आहोत एवढं तुम्हाला पाद्रींच्या फोनवरून कळलं. पुढचं मी सांगायला हवं, कारण गाडी मी चालवत होतो.

त्याच वळणावर मी हलकेच ब्रेक दाबला. पुढचं थांबलं, मागचं गेलं. गाडी गर्रकन फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली, मागचं एक चाक दरीवर. बायकांचं गाणं तुटलं. मी स्टिअरिंग धरून नुसता बसलो होतो, भाऊ. तुमच्या बहिणीनं हळू आवाजात सांगितलं, कुणी ओरडायचं नाही, सगळ्यांनी पुढे सरका, पुढच्या दारानं एकेक उतरा. लांगीचा हात मोडला होता, तरी ती ओरडली नाही. मासिना सगळ्यांत शेवटी उतरली. तिच्याआधी मी उतरलो, कारण तिनं मला ढकललं.

तुमचे दुसरे दोन टायर आले. चारही सारखे बसवलेत, गाडी नीट थांबते. लांगीचं प्लॅस्टर निघायचंय. जुने टायर घ्यायला एक जण आला होता, नव्यासारखे आहेत म्हणाला. मी त्याच्यासमोरच कोयत्यानं कापले.

एक गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. पाऊस आला की अजून त्या वळणावर गाडी घालायचा मला धीर होत नाही. घाटाच्या अलीकडे गाडी कडेला घेतो. मासिना हल्ली सोबत असते, तिला सांगतो, इंजिन तापलंय. तिला कळू देऊ नका.

माझी चूक पोटात घाला.
आपला आसो

ता.क. दादा, यांनी लिफाफा चिकटवायला माझ्याकडे दिला. मी वाचलं, हे त्यांना सांगू नकोस. इंजिन तापलं म्हणाले की मी ओढ्याचं पाणी आणून देते. हे ते पाणी आधीच गार असलेल्या इंजिनावर ओततात, मग पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसतो.
मासिना