न पडणारी इमारत

तीर्थरूप आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. इथे राक्षसाच्या सिनेमासाठी फळ्यांचं शहर बांधतो. रबरी पोशाखातल्या राक्षसाच्या लाथेने इमारती पडायला हव्यात, पण माझ्या पडत नाहीत. काल तोच घसरून आपटला. दिग्दर्शक वैतागला, "काका, ही पाडायची आहे, हिच्यात नांदायचं नाही."

शूटिंग लांबलं, तशी माझी रजाही पुढे गेली. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसलो तर काय उपयोग? पण बाबांनी शिकवलेला सांधा सैल सोडायला हात धजावत नाही. स्वतःचाच राग येतो.

आज देवाची क्षमा मागून इमारत कच्ची बांधली. उद्या ती पडली की निघतोच. तुझ्या खोलीचं दार अजून घासतं का? आल्यावर आधी तेच नीट बसवतो.

तुझा थोरला