क्रुसावरचं कुंकू

शुक्रवार, दिवेलागण

सकाळपासून मनाला लागून राहिलंय, म्हणून आधी हेच लिहितेय. उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, बोटाला थोडं कुंकू उरलं, आणि भाजीला जाताना मुर्ध्याच्या वळणावरच्या दगडी क्रुसाला ते सहज लावून गेले. मासळीची पाटी घेऊन निघताना सासूबाई लावायच्या, तसंच. पण त्यांना जाऊन वर्ष झालं. मला कुणी सांगितलं होतं? शेजारच्या जसिंतामावशींच्या देवाला न विचारता कुंकू लावायचं, बरं दिसतं का हे?

दिवसभर तो लाल ठिपकाच डोळ्यांसमोर. संध्याकाळी ओलं फडकं घेऊन पुसायलाच निघाले, तर मावशी आधीच तिथे. पायथ्याचं मेण खरवडून झालं होतं, झेंडूची सुकलेली माळ बाजूला काढली होती, आता दगड पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं मावशी. थांबा, मी पुसते."

त्यांनी माझा हात धरला. "तुजी सासू रोज लावायची, नि मी रोज सांजेला पुसायची. तिला कधी बोलली न्हाय."

"मग आज मला का अडवता?"

"ती गेल्यापास्नं पुसायला कायच न्हाय. हात आपला तिथं जातो नि तसाच परत येतो."

मग त्यांनी सगळा क्रूस पुसला, त्या ठिपक्याच्या कडेकडेने. फडकं पिळत म्हणाल्या, "उद्या जरा मोठं लाव. मला आता बारीक दिसत न्हाय."